ट्रकवर सीबीची अँटेना बसवताय? या चुका टाळा

सीबीवर, म्हणजे ट्रकवाले एकमेकांशी बोलायला वापरतात त्या सिटिझन्स बँड रेडिओवर, आवाज नीट जात नाही म्हटलं की लोक आधी अँटेना बदलतात. तीही चालली नाही, तर रेडिओ बदलतात. अँटेना ज्या ब्रॅकेटवर उभी आहे, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

अर्थिंगचा विसर

सीबी चालतो 27 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी साधारण 11 मीटर. पाव तरंगाची अँटेना घ्यायची तर ती पावणेतीन मीटरची होते. एवढी काठी केबिनवर उभी केली तर पहिल्याच ठेंगण्या पुलाखाली तिचा निकाल लागेल. म्हणून तार गुंडाळलेली, चारेक फुटांची आखूड अँटेना लावतात. पण ती अर्धंच काम करते, उरलेलं अर्धं ट्रकच्या पत्र्याने करायचं असतं. पत्राच जोडला नसेल तर काठी कितीही महागाची घ्या.

एसडब्ल्यूआर मीटर म्हणजे रेडिओने पाठवलेली किती शक्ती अँटेनेकडून परत फिरते ते सांगणारा मीटर; आकडा जितका कमी तितका चांगला. ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या गाडीत त्याचा काटा सगळ्या चॅनेलवर 3 च्या पुढे होता. कोणीतरी सल्ला दिला, "लांब आहे, काप." त्याने कापली. काटा हलेना, म्हणून आणखी कापली. मग नवी आणली आणि तीही कापायला बसला, तेव्हा मी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली. आरशाच्या ब्रॅकेटवर जाड रंग, आणि ब्रॅकेट रबरी बुशांवर बसवलेला. मल्टिमीटरचं एक टोक ब्रॅकेटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, तर जोडणीच नाही! बोल्टाखालचा रंग कानशीने खरवडला, ब्रॅकेटपासून केबिनच्या पत्र्यापर्यंत तांब्याची विणलेली रुंद पट्टी टाकली, शक्य तितकी आखूड. नव्या अँटेनेवर काटा दीडच्या खाली आला. जुनी मात्र वाया गेली, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.

माझी सवय अशी की, एसडब्ल्यूआर मीटर बाहेर काढण्याआधी मल्टिमीटर. अँटेना काढून ठेवायची, केबलही रेडिओपासून सोडवायची. ब्रॅकेट ते बॅटरी निगेटिव्ह बीप वाजलाच पाहिजे. केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात तो वाजता कामा नये. वाजला तर मधली तार ब्रॅकेटपासून वेगळी ठेवणारा नायलॉनचा वायसर उलटा बसलाय किंवा कोणाच्या तरी खिशात राहिलाय. अँटेना न काढता तपासाल तर फसाल, काहींमध्ये ही दोन टोकं आतूनच जोडलेली असतात.

केबिन फायबरचं असेल तर पत्र्याशिवाय चालणारी वेगळी अँटेना तिच्याच केबलसकट घ्या.

मोजण्याआधी कापणं

40 चॅनेलच्या सेटवर 1 आणि 40, दोन्हीकडे एसडब्ल्यूआर मोजा. 1 वर जास्त असेल तर अँटेना आखूड, 40 वर जास्त असेल तर लांब. दोन्हीकडे भरमसाट असेल तर दोष लांबीचा नाही, वरचा मजकूर पुन्हा वाचा. मोकळ्या जागेत, दारं लावून मोजा. गोदामाच्या भिंतीला गाडी टेकवून घेतलेला आकडा मला सांगू नका. दीडपर्यंत उत्तम, 2 पर्यंत चालेल. 3 च्या पुढे माईक दाबू नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो. अँटेना न लावताच "टेस्टिंग टेस्टिंग" करणाऱ्यांचाही तोच जातो.

बाकीच्या

केबल दारात चिमटू देऊ नका. उरलेल्या केबलचं घट्ट भेंडोळं करून सीटखाली कोंबू नका, सैल मोठा वळसा ठेवा. अँटेनेचा निदान दोन तृतीयांश भाग टपाच्या वर हवा.

आणि दोन्ही आरशांवर जोडी लावायची हौस. दोघींमध्ये पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर नसेल तर फायदा नगण्य. लावायचीच तर जोडीसाठीची 75 ओहमची केबल आणा. साध्या 50 ओहमच्या दोन केबली टी-जॉइंटने एकत्र केल्या की 25 ओहम होतात आणि रेडिओला ते मानवत नाही. अरुंद केबिनवर मी एकच लावतो, ड्रायव्हरच्या उलट बाजूला, आणि तिचं अर्थिंग नीट करतो.