ऑरेगॉनला गेलेल्या बाईचं माहेर शोधायचंय? जमिनीची फाईल बघा

१८४० नंतर बैलांच्या वॅगनमधून अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ऑरेगॉनला गेलेल्या बायकांचं माहेरचं आडनाव सापडता सापडत नाही, कारण १८५० च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, घरातल्या बाकीच्यांचे नुसते आकडे. फार वाईट वाटतं बघून.

तर तिच्या नावाने शोधत बसू नका, नवऱ्याचा जमिनीचा अर्ज काढा. १८५० च्या डोनेशन लँड क्लेम कायद्यात (ऑरेगॉनला वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन फुकट देणारा कायदा) सुरुवातीला आलेल्या जोडप्याला ६४० एकर मिळायचे, नंतर आलेल्यांना ३२०, आणि त्यातली अर्धी जमीन थेट बायकोच्या नावावर! त्यामुळे लग्न झालेला माणूस अर्जात लग्न कधी, कुठे झालं ते सांगायचा आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

१. या फाईली अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजकडे (सरकारी जुन्या कागदपत्रांचा संग्रह) आहेत, नवऱ्याचं नाव घेऊन शोधा, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे ट्राय करा.
२. लग्नाचं ठिकाण मिळालं की त्या काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) मॅरेज रजिस्टर फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकटात बघा, माहेरचं आडनाव बहुतेक तिथेच मिळतं.
३. अर्जावरच्या साक्षीदारांची नावं लिहून ठेवा, कधीकधी त्यात तिचा भाऊ किंवा बापच निघतो.

फक्त एक सांभाळा, १८५० च्या जनगणनेत सगळ्यांची नावं आहेत पण नातं लिहिलेलं नाही, ते १८८० पासून, म्हणून घरातली बाई सगळ्या मुलांची आईच असेल असं धरू नका, दुसरं लग्न खूप कॉमन होतं, थोरल्या मुलाचं वय लग्नाच्या तारखेशी ताडून बघा.