फुलानी भाषा, थट्टा आणि संगीत: कान कसा तयार करावा

फुलानी, म्हणजे आफ्रिकेतल्या मूळच्या गुराखी समाजाचं, संगीत ऐकायचं म्हटलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: एखादी 'आफ्रिकन' प्लेलिस्ट लावा, डोळे मिटा आणि वाहत जा. हा सल्ला निरुपयोगी आहे. अर्ध्या तासात सगळी गाणी सारखी वाटू लागतात, कारण त्या यादीत पाच देशांचं आणि दहा समाजांचं संगीत एकत्र ओतलेलं असतं. फुलानींची भाषा, त्यांची थट्टा आणि त्यांचं गाणं तीच आडनावं, तीच नाती आणि तीच गुरं घेऊन चालतात. आडनावं कानाला ओळखू यायला लागली की बाकीचं उलगडत जातं. म्हणून क्रम असा ठेवा: थोडी भाषा, मग थट्टा, मग गाणं.

१. आधी प्रदेश निवडा

फुलानी लोक सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेले आहेत. सगळं एकदम ऐकायला जाऊ नका. सेनेगल नदीच्या काठचा फुता तोरो आणि गिनीतला डोंगराळ फुता जालोन, या दोहोंपैकी एक घ्या. पहिल्या ठिकाणी भाषेला पुलार म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी पुलर. मालीतल्या मासिनापासून पूर्वेकडे नायजेरिया-कॅमेरूनपर्यंत तीच भाषा फुलफुल्दे होते. शोधताना नावांचा घोळ होतो: 'फुलानी' हा हौसा भाषेतून आलेला शब्द, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत 'पल', गांबियात 'फुला'. ते स्वतःला म्हणतात फुल्ॿे, आणि फुता तोरोत हाल्पुलार. पाचही नावांनी शोधा.

२. दोन आवाज बसवा

वर 'फुल्ॿे' लिहिलंय त्यातला ॿ हा ब नाही. श्वास बाहेर न ढकलता गळ्याची घाटी खाली ओढून, हवा किंचित आत घेत केलेला तो ब आहे. ॾ हा तसाच ड. ही अक्षरं देवनागरीत सिंधीसाठी आहेत आणि आपल्यासाठी हा मोठाच फायदा आहे: उल्हासनगरला किंवा पिंपरीत सिंधी घरात वाढलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्याकडून 'ॿारु' (मूल) आणि 'ॾह' (दहा) म्हणवून घ्या. कोणत्याही व्हिडिओपेक्षा लवकर शिकाल. फरक एवढाच की सिंधी ॾ म्हणताना जीभ जरा मागे जाते, फुलानीत ती वरच्या हिरडीवर टेकते. चूक होते ती जोर लावण्यात. जोर लावला की साधा ब किंवा ड बाहेर पडतो. घोट गिळण्याच्या बेतात असताना ओठ मिटा आणि मग उघडा.

फ हा 'फोन'मधला, च 'चहा'तला, ज 'जीव'मधला. म्ब, न्द, न्ज, ङ्ग शब्दाच्या सुरुवातीलाही येतात. आधी 'अ' लावू नका.

आकडे सोपे आहेत: गो, ॾिॾि, तति, नयि, जोयि, आणि पाचाच्या पुढे जेगोम, जेॾिॾि, जेतति, जेनयि, मग सप्पो म्हणजे दहा.

लिपीची चिंता सुरुवातीला नको. रोमन लिपी सर्वत्र चालते. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी अदलाम लिपी गिनीतल्या इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी या भावांनी १९८९ मध्ये, शाळकरी वयात तयार केली आणि २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. ती जरूर शिका, पण कान तयार झाल्यावर.

३. विचारपूस पाठ करा

फुता तोरोत 'नो म्बॾ्ॾा?' (कसा आहेस?) या प्रश्नाला 'जम तन', म्हणजे फक्त शांती, सगळं क्षेम. सकाळी 'अ वाली ए जम?' म्हणजे रात्र नीट गेली ना? याचंही उत्तर जम तन. फुता जालोनात 'ओन जरामा' म्हटलं की नमस्कारही झाला आणि आभारही. पाठोपाठ 'ताना अला?' (काही वाईट नाही ना?) आणि उत्तर 'जम तुन'. 'अ' एकट्यासाठी, 'ओन' अनेकांसाठी आणि मानासाठी, आपल्या तू-तुम्हीसारखंच. प्रश्न लांबतात: घर, मुलं, गुरं, काम. प्रत्येकाला उत्तर जम. घाई करून मधेच मुद्द्यावर येणं हा उद्धटपणा समजतात, आणि ध्वनिमुद्रणातही संथ विचारपुशीचा भाग पुढे ढकलणाऱ्याच्या हातून भाषेचा ठेका निसटतो.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आयती मिळते. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' म्हणजे एन, त्याला वगळून 'आम्ही' म्हणजे मिन. इंग्रजी-फ्रेंच पुस्तकं यावर पानं खर्चतात. तुम्ही सोडून द्या.

४. शब्दाचं डोकं बदलतं: इथेच बहुतेक जण सोडून देतात

एक माणूस गोर्को, अनेक माणसं वोर्ॿे. एक बाई देब्बो, अनेक रेव्ॿे. एक फुलानी पुल्लो, अनेक फुल्ॿे. कुत्रा रवान्दु, कुत्रे दवाॾि. माकड वान्दु, माकडं बाॾि. शेवट बदलतो हे आपल्याला नवं नाही, पण इथे शब्दाची सुरुवातही बदलते. गाण्यात 'वम्बाॿे' ऐकू आलं, शब्दकोशात व खाली शोधलं, सापडलं नाही. सापडणार कसं? एकवचन बम्बाॾो आहे, म्हणजे वादक-भाट. नवशिक्याला वाटतं आपला कान खोटा, किंवा प्रत्येक गावाचे शब्द वेगळे. दोन्ही खोटं.

पुस्तकी उपाय म्हणजे नामांच्या वीसहून अधिक वर्गांचा तक्ता भिंतीवर लावणं. तो लावू नका. तक्ता पाठ असलेले लोक गाण्यातला एक शब्दही पकडू शकत नाहीत, कारण गाणं तक्त्याच्या क्रमाने येत नाही. त्याऐवजी असं करा.

प्रत्येक नाम जोडीनेच शिका, एकटं कधीही नाही. गोर्को-वोर्ॿे, देब्बो-रेव्ॿे, मोठ्याने, एका श्वासात. सुरुवात माणसांपासून करा, कारण गाण्यात आणि थट्टेत तीच येतात आणि त्यांचं अनेकवचन जवळपास नेहमी -ॿे ने संपतं. मग गवलो-अव्लुॿे (भाट), चुबल्लो-सुबल्ॿे (कोळी). अशा वीसेक जोड्या झाल्या की अदलाबदलीचे ठराविक गट आपोआप दिसतात: व-ब-म्ब, र-द-न्द, य-ज-न्ज, व-ग-ङ्ग, फ-प, स-च, ह-क. हे गट मात्र कागदावर लिहून समोर ठेवा. शब्दकोशात एका अक्षराखाली सापडलं नाही तर त्याच गटातल्या दुसऱ्या अक्षराखाली पाहा.

ऐकताना आधी शेपटी पकडा, डोकं नंतर. -ॿे ऐकू आलं की माणसं, अनेक. -ॾि आलं की बहुधा जनावरं किंवा वस्तू, अनेक. -एल आलं की लहान काहीतरी. विशेषणही नामाचीच शेपटी लावून येतं, त्यामुळे गाईंच्या स्तुतीच्या कवितेत तोच शेवट ओळीमागून ओळ घुमत राहतो. मासिनातले गुराखी या कवितांना जम्मोजे नइ म्हणतात (नग्गे म्हणजे गाय, नइ म्हणजे गाई, न आणि इ मध्ये श्वास क्षणभर तोडायचा). पाऊस सरल्यावर कळप परत येतात, जाफाराबेजवळ नायजर नदी ओलांडतात, आणि तेव्हा तरुण गुराखी आपल्या गुरांची स्तुती म्हणून दाखवतात. हा उत्सव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. अर्थ कळला नाही तरी शेपटीचा घोष ऐका. तो ऐकू आला की हा टप्पा जिंकलात.

एक इशारा. फुता तोरोत क्रियापदाचंही डोकं बदलतं: 'ओ अरि' तो आला, 'ॿे ङ्गरि' ते आले. फुता जालोनात क्रियापद बदलत नाही. दोन्हीकडची पुस्तकं एकत्र वाचलीत तर दोन्ही चुकतील. पहिल्या पायरीवर प्रदेश निवडायला सांगितला तो याचसाठी.

५. थट्टा: आडनाव विचारल्याशिवाय सुरू करू नका

फुलानी विनोद बहुतेक वेळा किस्सा नसतो, नातं असतं. त्याला देन्दिरागल म्हणतात. मूळ नातं आते-मामे भावंडांचं: भावाची मुलं आणि बहिणीची मुलं एकमेकांची हवी तेवढी टर उडवू शकतात, आणि चिडायचं नाही हा नियम. हेच नातं मग आडनावांना लागू होतं. बा आणि जालो एकमेकांचे थट्टेचे. बारी आणि सो एकमेकांचे. समाजासमाजातही चालतं: सेनेगलमध्ये फुलानी आणि सेरेर, बुर्किना फासोत फुलानी आणि बोबो, आणि बहुतेक ठिकाणी फुलानी आणि लोहार. म्हणून ओळख झाल्यावर पहिला प्रश्न येत्तोदेचा, आडनावाचा. उत्तर येताच आवाज बदलतो. बोलणं साधारण असं चालतं:

— जालो, बरा वेळेवर आलास. भात शिजल्याचा वास नदीपलीकडून येतो का तुला?
— यावंच लागलं. बा जेवून उठला की पातेल्यात खरवड तरी उरते का?
— खरवड! गेल्या खेपेला तीही तूच नेलीस. जाताना गायसुद्धा नेलीस.
— तुझी गाय? बा लोकांकडे गाय कधीपासून आली?

विषय ठरलेले: खादाडपणा, गुरांची चोरी, 'तू माझा गुलाम'. नवा विषय आणण्यात कसब नाही. जुनाच विषय आज कुठे वळवला यात कसब आहे. चेहरा गंभीर, आवाज खालचा. लाज आणि संयम (सेम्तेंदे आणि मुन्याल) हे फुलानी वागणुकीचे खांब आहेत; त्यातला माणूस मोठ्याने हसत टाळ्या देत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणात हशा शोधू नका, उत्तराआधीचा छोटा थांबा ऐका. नामाला लहानपणाची शेपटी लावून चिमटा काढणंही नेहमीचं: गोर्कोचा गोरेल केला की भला माणूस एवढासा होतो.

आता जे करू नये ते. गुलामीची थट्टा बाहेरच्याने कधीही करू नये. फुलानी समाजात गुलामगिरी खरोखर होती, तिच्या वंशजांना आजही त्याचे चटके बसतात, आणि समोरचा कोण हे तुम्हाला माहीत नसतं. खादाडपणापुरतं राहा, तेही समोरच्याने तुम्हाला आडनाव देऊन आपल्यात घेतल्यावर. पाहुण्याला असं नाव अनेकदा देतात; दिलं की त्या नावाचे थट्टेचे जोडीदारही मिळतात. सासरच्या वडीलधाऱ्यांशी (एसिराॿे) थट्टा पूर्ण बंद. तिथे नजरही खाली असते.

६. गाणं: एका वेळी एकच वाद्य

होॾ्ॾु हे तीन ते पाच तारांचं, होडीच्या आकाराच्या लाकडावर कातडं ताणलेलं वाद्य. त्यावर एक छोटी धून फिरत राहते. आधी फक्त तिच्यामागे जा: ती कुठे सुरू होते ते पायाने धरा, मग त्याच अवकाशात हाताने तीन आणि पायाने दोन ठोके बसवा. पहिल्यांदा हात-पाय भांडतील, सावकाश करा. बायकांच्या टाळ्या याच दोन-तीनच्या गुंतवळीत पडतात. मराठी कान इथे दोन चुका करतो. पाच स्वर ऐकले की 'हा तर भूप' म्हणून मोकळा होतो, आणि समेची वाट पाहतो. राग शोधणं सोडा. इथे आलाप वाढत नाही. फिरत्या धुनेवर गायक वाक्यं सोडतो, आणि त्या वाक्यांत नावं असतात. बा, सो, जालो ऐकू आलं की समजा, कुणाच्या तरी घराण्याचं कौतुक चाललंय.

फुता जालोनची बासरी, तंबिन, वेलीच्या पोकळ दांड्याची असते आणि तिला तीनच भोकं. बाकीचे स्वर फुंकरीच्या जोरावर काढतात. वादक वाजवता वाजवता तिच्यात गुणगुणतो, बोलतोही. श्वास, सूर आणि बोल असे तीन थर वेगळे ऐका. खरखर ऐकून 'रेकॉर्डिंग खराब आहे' म्हणू नका, ती तिथे हवीच असते. ञाञोरु म्हणजे एका तारेचं, घोड्याच्या केसांचं सारंगीसारखं वाद्य. भोपळ्याच्या अर्ध्या कवटीवर अंगठ्या घातलेल्या बोटांनी वाजवतात.

फुता तोरोत गाण्याचे प्रकार व्यवसायाने वाटलेले आहेत: कोळ्यांचं पेकान, विणकरांचं दिल्लेरे, योद्ध्यांचं गुम्बला. प्रकार कळला की अर्धा विषय कळतो. पेकानमध्ये नदी, मगर आणि पाणघोडे येणारच.

पहिली तबकडी कोणती? बाबा माल आणि मन्सूर सेक यांची १९८९ साली निघालेली 'जाम लीली'. माल सेनेगलमधल्या पोदोरचे, १९५३ चा जन्म, भाटांच्या घराण्यातले नव्हेत, सेक होते. गिटार होॾ्ॾुचं काम करतात, ढोलांची गर्दी नाही, शब्द स्वच्छ ऐकू येतात. बाबा माल यांचं नंतरचं विजेच्या वाद्यांचं संगीत आधी ऐकलंत तर बास आणि ढोलांखाली शब्द हरवतील.

नायजरमधल्या वोडाबे (फुलानींचीच एक शाखा) पुरुषांचं समूहगान शेवटी घ्या. पाऊस संपताना गेरेवोलच्या मेळ्यात ते रांगेत उभे राहून गातात. वाद्य नाही, फक्त टाळ्या आणि एकमेकांवर चढत जाणारे आवाज. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकूच नका, सगळे आवाज एकात मिसळतात. चांगले हेडफोन लावा आणि सर्वांत खालचा, न हलणारा सूर आधी पकडा.