कोण कोणाचं लागतं: इंडो-युरोपीय देवांच्या अभ्यासातलं पहिलं वर्ष

संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच, इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा; त्यांच्यातली देवांची नावं जुळवायला पहिल्या वर्षी माझी एक दोनशेपानी वही होती. डावीकडे वैदिक नाव, उजवीकडे ग्रीक किंवा लॅटिन. पहिलीच ओळ देव–थिऑस. बाईंनी वही चाळली आणि त्याच ओळीवर काट मारली. लॅटिन 'देउस' हा 'देव'चा सख्खा भाऊ, पण ग्रीक 'थिऑस' त्याचा कोणीच लागत नाही. त्याचा धातूच निराळा. वरुण–उरानोस ही जोडीही गेली, कारण उच्चारबदलाच्या नियमांत ती बसत नाही.

टिकलं ते वैदिक द्यौष्पितर, ग्रीक झेउस पातेर, लॅटिन यूपितर, म्हणजे 'आकाश-पिता'. इथे विभक्तीसुद्धा साक्ष देते: संस्कृत षष्ठी 'दिवः', ग्रीक 'दिओस'. म्हणून नव्यांना सांगतो, नुसत्या संस्कृतवर भागत नाही. सोबत ग्रीक किंवा लॅटिन घ्या, आणि व्याकरण कंटाळवाणं वाटलं तरी रेटा.

सृष्टीच्या कथांपाशी मी जास्त घसरलो. ऋग्वेदातलं पुरुषसूक्त (१०.९०) म्हणतं, पुरुषाच्या मस्तकातून आकाश झालं. आइसलँडच्या कथेत इमिर या राक्षसाच्या कवटीचं आकाश, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर होतात. मी हरखून दोन्ही एकाखाली एक लिहिलं, पण काळ लिहिला नाही. आइसलँडचा लेखक स्नोरी यानं इमिरची ही कथा १२२० च्या सुमारास गद्यात मांडली, तेव्हा आइसलँड ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटली होती. प्रत्येक उताऱ्याशेजारी काळ आणि लिहिणाऱ्याचा धर्म टिपा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

धर्मांचे अभ्यासक ब्रूस लिंकन यांनी १९७५ मध्ये या कथांमागची मूळ कथा जुळवली: आद्य पुरोहित 'मनु' आपल्या जुळ्या भावाचा, 'येमो'चा, बळी देतो आणि त्यातून जग घडतं. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या इ.स. ९८ च्या ग्रंथात जर्मनांचा मूळपुरुष मान्नुस आहेच. पण पूर्ण कथा कुठल्याच पोथीत नाही, ती अभ्यासकाची जुळणी आहे. परीक्षेत हे न लिहिल्यानं माझे गुण गेले.

'येमो' म्हणजेच आपला यम, आणि यम म्हणजे जुळा, हे मात्र मला पटेना. आपला यम रेड्यावर बसून येणारा! मग 'यमक' आठवलं, 'यमल' आठवलं. इमिर हे नावही त्याच जुळ्याचं मानतात. आणि 'यमल'वरूनच आजीचं जावळं केळं, म्हणजे जोडकेळं, जे ती आम्हा मुलांना खाऊ द्यायची नाही.