थायरॉईड कमी असेल आणि मांड्या-खांद्यांत ताकद राहिली नसेल तर काय करायचं

खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, वरच्या फळीवरचा डबा काढताना खांदे साथ देत नाहीत, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका आणि स्वतःहून कॅल्शियमही सुरू करू नका. डॉक्टरांना विचारून टीएसएच, फ्री टी४ या थायरॉईडच्या रक्त तपासण्या आणि सोबत स्नायूंसाठीची सीपीके टेस्ट करून घ्या. थायरॉईड हार्मोन कमी पडलं की स्नायूंना ऊर्जा नीट वापरता येत नाही, आखडलेला स्नायू सैल व्हायलाही वेळ लागतो, आणि त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं, तेच सीपीके. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस जोरदार व्यायाम नको, त्यानेही सीपीके वाढतं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तेही आधीच सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थायरॉईड कमी असताना कोलेस्टेरॉलही वाढतं, मग स्टॅटिनची गोळी सुरू होते, आणि स्टॅटिनचा त्रास नेमका स्नायूंनाच होऊ शकतो, थायरॉईड कमी असताना तर जास्तच. म्हणून स्टॅटिन सुरू करण्याआधी टीएसएच बघितलंय का हे स्पष्ट विचारा, विचारायला अजिबात लाजू नका. आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेलं थायरॉईड हार्मोन भरून काढणारी, गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चार तासांनी. वयस्कर किंवा हार्ट पेशंटला डोस कमीपासून सुरू करतात, घाई करून वाढवू नका, डोस जास्त झाला तरी धडधड होते आणि स्नायूही कमजोर होतात. टीएसएच परत 6 ते 8 आठवड्यांनी.

सीपीके बहुतेकदा आधी कमी होतं, ताकद यायला कितीतरी महिने लागू शकतात, त्यामुळे महिन्याभरात फरक नाही म्हणून गोळी सोडू नका प्लीज. तोवर चालणं आणि खुर्चीतून उठ-बस पुरे, जिममधली वजनं नंतर. टीएसएच बरेच महिने नॉर्मल राहूनही कमजोरी तशीच असेल, किंवा गिळायला त्रास होत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण दुसरंही असू शकतं.