औषधांच्या जुन्या गोदामाशेजारची विहीर: मृगाआधी काय करावं

रोहिण्या सुरू झाल्या, विहिरी तळाला टेकल्या. गाळ काढायचे, उपसा करायचे हेच दिवस. पण तुमच्या शिवाराला लागून पूर्वी खत-औषधांचं गोदाम असेल, कीटकनाशकं पॅक करणारं बंद पडलेलं युनिट असेल, किंवा ‘इथं बीएचसीची (जुन्या कीटकनाशक पावडरची) पोती पुरली होती’ असं जुनी माणसं सांगत असतील, तर यंदा क्रेन लावायच्या आधी थोडं थांबा. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. उरलेल्या पोत्यांचं काय झालं, याचं उत्तर गावोगावी निराळं मिळतं.

विहीर उपसली की पाणी नवं येतं, हे खरं. पण ते येतं कुठून? आपल्याकडे काळ्या पाषाणाचा मुलूख. पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून सरकतं. जोराने उपसा केला की विहीर चारी बाजूंनी पाणी ओढते, आणि गोदामाखालचं पाणीही तुमच्याकडे धावतं. म्हणजे साफ करायला गेलात आणि घाण जवळ बोलावलीत. भेगा कशा जातात ते वरून दिसत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या पाण्याचा चांगला रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, एवढंच. उकळल्याने पाणी आटतं आणि त्यातलं नायट्रेट उलट दाट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवणं सर्वांत धोक्याचं.

खरी घाण मातीत असते. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये सेविन हे कीटकनाशक बनायचं. १९८४ची वायुगळती सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथलं पाणी बिघडायला त्या रात्रीची गरज नव्हती. कारखान्याचं सांडपाणी साठवायला १९७७ साली तळी बांधली होती. कचरा आवारातही टाकला जायचा. ते झिरपत राहिलं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या ‘एनजीआरआय’ या भूभौतिक संशोधन संस्थेसोबत केलेल्या पाहणीत सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज निघाला. २०२५ मध्ये गाजावाजा करून मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेऊन जाळला, तो आवारात साठवलेला ३३७ टन कचरा. आकड्यांतला फरक बघा. आसपासच्या वस्त्यांना पाइपने बाहेरचं पाणी द्यावं लागलं, कारण जमिनीखालचं पाणी स्वच्छ होण्याची वाट बघत तहान थांबत नाही.

गावच्या गोदामाचा पसारा तेवढा नसतो, पण रीत तीच: आधी माती. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडायच्या आत त्या जागेच्या वरच्या अंगाला चर काढा, म्हणजे वरून येणारं पाणी तिथं न शिरता बाजूने वळेल. उघडी पोती, फुटके डबे, रंग बदललेली माती दिसली तर जाड ताडपत्रीने झाका आणि कडा दाबून ठेवा. स्वतः खणू नका, जाळू तर अजिबात नका. तालुका कृषी अधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या. असा माल तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावरच जायला हवा. ट्रॉलीत भरून ओढ्याकाठी ओतायचा नाही.

आता एक उलटा सल्ला. एरवी आम्हीच विहीर पुनर्भरण करा, म्हणजे पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडा, म्हणून मागे लागतो. अशा जागेजवळ मात्र ते करू नका. वाळू-खडीचा गाळणखड्डा गाळ अडवतो, पाण्यात विरघळलेलं औषध नाही. पुनर्भरण करायचंच तर घराच्या पत्र्यावरचं पाणी घ्या. आणि ‘वरचं खराब आहे, खोल बोअर मारू’ हा विचार महागात पडतो: केसिंग (बोअरच्या तोंडातला पाइप) नीट बसलं नाही तर वरची घाण खालच्या पाण्यात उतरायला तुम्हीच वाट करून देता.

नमुना आत्ता घ्या आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मग बाटली भरा. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू एवढंच बघतात. कीटकनाशकाचे अंश वेगळे सांगून, वेगळे पैसे भरून तपासावे लागतात, आणि त्यासाठी बाटली काचेची लागते. ती प्रयोगशाळेतूनच आणा. फवारणीच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन आलेले लोकही आम्ही पाहिलेत!

रिपोर्ट येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. कार्बन फिल्टर काही कीटकनाशकं धरतो पण नायट्रेट सोडतो. आरओ नायट्रेट कमी करतो, त्याचं वाया जाणारं पाणी विहिरीजवळ सोडू नका.

पाणी पिकाला चालेल का, याची शंका असेल तर चार कुंड्यांत मूग आणि काकडी लावा. दोन कुंड्यांना हे पाणी, दोनांना चांगलं. तीन आठवड्यांत तणनाशकाचा अंश असेल तर बऱ्याचदा पानं वळलेली, अरुंद झालेली दिसतात. कपाशीवालं शिवार असेल तर ही कुंडी चुकवू नका, कारण टू-फोर-डी या तणनाशकाचा थोडा अंशही कपाशीचं पान भेंडीसारखं करतो. रोप ठणठणीत आलं म्हणून पाणी पिण्याजोगं ठरत नाही, ही कुंडी फक्त पिकापुरती.