शब्दकोडे रचताना या चुका टाळा: खानदेशी नावांचा 'ळ' कुठे अडकतो?

दिवाळी अंकासाठी किंवा शाळेच्या हस्तलिखितासाठी खानदेशावर शब्दकोडे रचायला घेतले की पहिली गफलत प्रदेशाच्या नावातच होते. 'खानदेश'ला चार घरे लागतात, 'खान्देश'ला तीन. दोन्ही रूपे छापली जातात. चौकट आखण्याआधी एक ठरवा आणि शोधसूत्रांतही तेच वापरा. 'नंदुरबार'मधला 'दु' ऱ्हस्व आहे. तो दीर्घ धरून खाली 'दूध' सोडले, तर सोडवणारा तिथेच अडतो.

मराठीत एका घरात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. 'तापी'च्या 'पी'वरून 'पीठ' किंवा 'पीक' उतरेल, 'पिठले' नाही. काही जण वेलांटीला सूट देतात. देऊ नये, मग उत्तर पडताळायला हाताशी काय राहते? जोडाक्षरांना मात्र लोक उगाच घाबरतात. 'अक्कलकुवा'तला 'क्क' घ्या: 'नक्कल' चालते, 'टक्कल' चालते.

खरी डोकेदुखी 'ळ'ची, आणि आपल्याकडे तो गावोगावी: जळगाव, भुसावळ, अमळनेर. मराठी शब्द 'ळ'ने सुरू होत नाही. 'जळगाव' सगळ्यात वरच्या ओळीत आडवा टाकून 'ळ'खाली पांढरे घर ठेवले, की तो उभा शब्द जन्मात भरणार नाही. 'ळ'खाली काळे घर द्या, नाहीतर नाव एक ओळ खाली घेऊन वरून 'केळफूल' सोडा. 'भुसावळ'चा 'ळ' शेवटी आहे, त्यावर 'फळ', 'तीळ' संपवता येतात. 'ण'लाही हाच इलाज.

इंग्रजी नियम जसेच्या तसे उचलू नका. शब्दकोड्याचे जनक मानले जाणारे आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आले. अमेरिकेत पुढे रूढ झालेल्या नियमांनुसार चौकट उलटी धरली तरी काळी घरे तशीच दिसावीत, शब्द किमान तीन अक्षरांचा असावा, प्रत्येक घर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत यावे. तिकडे घरात एक सुटे अक्षर असते, म्हणून हे जमते. आपण दोन अक्षरी शब्द वगळले, तर तापीच गेली! काही घरे एकाच शब्दात राहिली तरी बिघडत नाही.

'खानदेशातील नदी, तीन अक्षरे' हे सूत्र म्हणजे निव्वळ आळस. गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर, सगळ्याच बसतात. 'तापीची उपनदी' म्हटले तरी चारही राहतात. 'धुळे शहरातून वाहणारी' लिहा, पांझराच उरते. अहिराणी शब्द हवा असेल तर तसे सांगा. नुसते 'मुलगा' लिहून 'आंडोर' मागितला, तर पुणेकर सोडाच, खानदेशातलाच, पण लेवा बोली बोलणारा रावेरचा वाचकही वैतागेल.

शेवटच्या घटकेला एखादे काळे घर हलले की पुढचे क्रमांक बदलतात, सूत्रे मात्र जुन्याच क्रमांकांनी छापली जातात. रचणाऱ्याला उत्तरे पाठ असतात, त्याला हे दिसत नाही. फाइल छापखान्यात जाण्याआधी कोरी चौकट दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिलीने सोडवायला द्या.