शहरात सावलीचं झाड: जागा आधी, रोप नंतर

पणजी-मडगावात घर तापतं ते दुपारनंतरच्या तिरप्या उन्हानं, म्हणून सावली पश्चिमेला हवी. पण मृगापासूनचा जोरकस वाराही तिकडूनच येतो. म्हणजे ज्या झाडाची सावली घरावर, तेच मोडलं तर तेही घरावरच. म्हणून या बाजूला गुलमोहर नको: मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. बकुळ (आपली ओवळ) किंवा करंज लावा, भिंतीपासून किमान 4 मीटरवर. बकुळ सावकाश वाढते, सावलीला बरीच वर्षं थांबावं लागतं. आंबा, फणस किंवा पर्जन्यवृक्ष हवा असेल तर 8 ते 10 मीटर मोकळे ठेवा. जागा नसेल तर हट्ट नको. सातवीण बेडरूमच्या खिडकीपासून दूर बरी, ऑक्टोबरच्या सुमारास तिच्या फुलांच्या उग्र वासानं अनेकांचं डोकं दुखतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड तग धरतात.

खरी चूक खड्ड्यात होते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत 1 मीटर लांब-रुंद-खोल खड्डा खणून त्यात नुसती कसदार माती भरली की ती एक कुंडीच होते. मुळं बाहेर जायचं सोडून आतच गोल फिरतात, पावसात तळाशी पाणी साचतं आणि दहा-बारा वर्षांनी झाड मुळांच्या गठ्ठ्यासकट आडवं होतं. म्हणून तळ आणि बाजू पहारीनं फोडून भेगा पाडा. खणलेलीच माती दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळून परत भरा. रोपाची प्लॅस्टिकची पिशवी काढाच, गोल वळलेली मुळं कापा. खोडाचा बुंधा जमिनीच्या पातळीला हवा. खाली गाडला तर साल कुजते.

लावणी जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर. काठीला काथ्यानं सैल बांधा आणि वर्षभरानं सोडा. पाऊस गेल्यापासून मेपर्यंत आठवड्यातून दोनदा 20 लिटर पाणी, हे दोन वर्षं. आळ्यात 8 सेंटीमीटर पालापाचोळा पसरा, खोडापासून वीतभर दूर.

बुंध्यापर्यंत पेव्हर किंवा काँक्रीट नको, निदान 1 मीटर चौरस माती उघडी ठेवा. केबलसाठी एका बाजूनं चर खणला की आधाराची मुळं तुटतात. झाड हिरवंगार दिसत राहतं आणि पुढच्या पावसात कोसळतं. मग दोष झाडाला!

छाटणी एप्रिलमध्ये. जड फांदी आधी खालून थोडी, मग जरा पुढं वरून कापा, म्हणजे साल सोलत नाही. उरलेला ठोंब शेवटी कापा, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर. शेंडा छाटू नका, नंतर फुटणारे धुमारे कच्च्या सांध्याचे असतात. झाड तोडायचं तर ते स्वतःच्या आवारातलं असलं तरी गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

माडाखाली गाडी लावू नका. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारे) वेळेवर मिळत नाहीत, नारळ आणि चुडतं (झावळ्या) पडायची थांबत नाहीत. कौलांवरचा पाला आणि पन्हळी मेअखेर साफ करा. जुन्या भिंतीत रुजलेला पिंपळ मात्र बोटभर असतानाच मुळासकट उपटा: नुसता कापला तर पुन्हा फुटतो, आणि मूळ जाड झाल्यावर ते काढायला भिंतच उकलावी लागते.